नऊ नंबरचे बूट

"बयाजीच्या बुटांत असं काय आहे बाबा, जे माझ्या बुटांत नाही?"

"भोकं," बाबा म्हणाले.

श्रीपतीला वाटलं, थट्टा चाललीय. मलाही तसंच वाटलं. मी मठाचा स्वयंपाकी. ओसरीच्या कडेला तांदूळ निवडत बसलो होतो, आणि असलं काही कानावर पडलं की माझं निवडणं आपोआप सावकाश होतं.

बाबा पूर्वी फौजेत सुभेदार होते. कफनी घातली, दाढी वाढवली, पण पायातले जंगल बूट काही सुटले नाहीत. ते घालून बावीस पावसाळे त्यांनी घाटमाथ्यावरच्या सात धनगरवाड्यांचा फेरा केला. पाठीवर औषधं, मीठ, काडेपेट्या. जाताना चार ओढे, येताना तेच चार. पावसाळ्यात तिकडं दुसरं कुणी फिरकत नाही.

यंदा बाबांचा गुडघा गेला. फेरा कुणाकडं तरी सोपवायला हवा होता.

श्रीपती मठात अकरा वर्षं होता. आरती त्याची, कोठीच्या किल्ल्या त्याच्याकडं, पत्रं वाचणं-लिहिणं त्याच्याकडं. बयाजीला येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, आणि तीही गोठ्यात गेली. बाबांनी ट्रंकेतून बुटांचा जादा जोड काढला आणि ठेवला बयाजीपुढं.

त्या दिवसापासून श्रीपतीचं जेवण तुटलं. बयाजी पंगतीला बसला की हा उठायचा. बयाजी गाईशी बोलत हसला तरी याच्या कपाळाला आठी. माणूस जळत होता, दुसरा शब्द नाही माझ्याकडं. मलाही थोडं लागलंच होतं, खोटं कशाला बोलू? चौदा वर्षं भाकऱ्या थापतोय, मला कुणी साध्या वहाणा दिल्या नाहीत.

मग श्रीपती तालुक्याला जाऊन आला. फौजी सामान विकणाऱ्या दुकानातून तसलेच बूट घेऊन आला. घोट्याच्या वर जाणारं हिरवं कापड, पुढं काळं चामडं, तळव्याला चिखल धरून न ठेवणाऱ्या रुंद खाचा. आज ते पायात चढवून, गाठोडं काखेत मारून तो बाबांपुढं उभा होता. फेरा मला द्या, नाहीतर मठ सोडून हा मी निघालो, असं सांगून झालं होतं.

"भोकं माझ्याही बुटांना होती," श्रीपती म्हणाला. "आतल्या अंगाला, तळव्याच्या जरा वर. दोन-दोन. बारीक जाळी बसवलेली."

"मग?"

"बुजवली. पंक्चरवाल्याकडून रबराची ठिगळं मारून घेतली."

"का?"

"पाणी शिरेल म्हणून. बयाजीचे बूट गळके आहेत, बाबा. माझे नाहीत."

बाबांनी वाकून त्याच्या बुटाचं टोक अंगठ्यानं दाबलं. अंगठा आत जात राहिला.

"नंबर कोणता?"

"नऊ."

"आणि तुझा पाय?"

"आठ."

"मग नऊ का घेतलेस?"

श्रीपतीनं काखेतलं गाठोडं सावरलं.

"बयाजीचा पाय नऊ आहे," मीच म्हणालो. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी तांदळाकडं पाहिलं.

बाबांनी बयाजीला हाक मारली. तो हात कफनीला पुसत गोठ्यातून आला. काय चाललंय ते त्याला ठाऊक नव्हतं.

"दोघं बूट घालून ओढा ओलांडा आणि परत या."

ओढा मठाच्या खालीच आहे. त्या दिवशी पाणी गुडघ्याला लागत होतं. दोघं गेले, पलीकडं टेकले, माघारी फिरले. मी तांदूळ सोडून उठलो आणि कठड्याशी उभा राहिलो.

बयाजी काठावर चढला तसं त्याच्या बुटांतून दर पावलाला पाणी बाहेर उडायला लागलं. वीस-पंचवीस पावलं. अंगणात येईपर्यंत त्याचे बूट नुसते ओले होते.

श्रीपती मागून आला. पचाक. पचाक. एकेका बुटात तांब्याभर पाणी. टाच आत वर-खाली सरकत होती आणि चेहरा मात्र असा, की काही झालंच नाही.

"बस," बाबा म्हणाले.

"मी ठीक आहे."

"बस."

तो पायरीवर बसला. खाली बघत म्हणाला, "शिरलं कुठून पण? मी सगळं बंद केलं होतं."

"तुझा पाय शिरला तिथून."

बाबा बयाजीकडं वळले. "तुला कधी श्रीपतीचा हेवा वाटतो?"

"वाटतो की," बयाजी म्हणाला.

श्रीपतीनं चमकून वर पाहिलं.

"कशाचा?"

"दादांना वाचता येतं. वाड्यांवरनं पत्र आलं की तुम्ही त्यांना हाक मारता. मी दारातच उभा असतो, पर तुम्ही म्हणता, श्रीपतीला बोलाव. त्या दिवशी मला घास जात नाही."

"मग काय करतोस?"

"काय करणार? गुरं घेऊन रानात जातो. सांजेपतूर जातं ते."

श्रीपती त्याच्याकडं बघतच राहिला. अकरा वर्षांत त्याचा कुणाला हेवा वाटला असेल, असं त्याच्या कधी मनात आलं नसावं.

बाबा दुखरा गुडघा सांभाळत पायरीवर खाली बसले. श्रीपतीच्या बुटाची नाडी सोडली. तो पाय मागं घ्यायला लागला, तर घोटा घट्ट धरला. बूट काढला, पालथा केला. पाणी अंगणात पसरलं. दुसराही तसाच. दोन्ही टाचांची कातडी सोलवटून निघाली होती. बाबांनी त्याचा पाय मांडीवर घेतला आणि कफनीच्या टोकानं बोटांच्या बेचक्या पुसायला लागले. घाई न करता, एकेक करून.

तेव्हा श्रीपतीचा बांध फुटला.

"अकरा वर्षं, बाबा... तुम्ही त्याच्याकडं बघता तसं माझ्याकडं एकदाही बघितलं नाहीत."

बाबांनी दुसरा पाय मांडीवर घेतला.

तोही पुसून कोरडा केला. मग श्रीपतीनं नाक पुसलं आणि बयाजीकडं हात केला. "खिळा आण रे एखादा."

बयाजीनं आणला. श्रीपतीनं आपल्या हातानं चारही ठिगळं उचकटून काढली. जाळीत अडकलेलं रबर कोरून काढलं. बुटाला डोळा लावून पलीकडचा उजेड बघितला. मी आतून जाड मोज्यांचे दोन जोड आणून दिले. एकावर एक चढवले तेव्हा नऊ नंबरात आठचा पाय बसला.

"उद्या दोघंही जा," बाबा म्हणाले. "औषधं यंदा जास्त आहेत, एकट्याच्या पाठीला जड होतील."

बयाजीचा चेहरा फुलला. "लई बरं झालं. दादा संगट असले म्हणजे औषधांवरची नावं तरी वाचतील."

श्रीपतीही हसला. कितीतरी दिवसांनी हसताना पाहिलं मी त्याला. त्यानं नाड्या आवळल्या, दुहेरी गाठ मारली, उठून अंगणात चार पावलं टाकून पाहिली. गाठोडं उचललं आणि आत ठेवायला निघाला. मीही तांदळाकडं वळलो. मिटलं एकदाचं, असं मला वाटलं.

उंबऱ्यात तो थांबला. मागं वळला.

"बाबा... पुढं कोण चालणार?"

बाबांनी ओल्या अंगणाकडं पाहिलं...

"काढ परत बूट. आत पाणी राहिलंय अजून."