गार्नाचा कशी लागते

"पण फादर, नेमकं हेच द्राक्ष मला का ओळखू येत नाही?"

हा प्रश्न विचारायला सुजित कोठुळे रजा टाकून वसईला आला होता. वाइन चाखून तिचं द्राक्ष ओळखायच्या परीक्षेत तो दोनदा आपटला होता आणि दोन्ही वेळा गार्नाचा या द्राक्षापाशीच. शुक्रवारी तिसरी खेप. तीही हुकली तर हॉटेलातलं वाइन निवडायचं काम जाणार होतं आणि हातात पुन्हा ताटं येणार होती.

फादर बस्त्याव तुस्कानो बावीस वर्षं स्पेनमधल्या एका खेड्यात धर्मगुरू होते. चर्चच्या चारही बाजूंना गार्नाचाचेच मळे. आता ते भावाच्या केळीच्या वाडीत राहत आणि फारसं बोलत नसत.

त्यांनी पुतण्यानं तिकडून आणलेली बाटली उघडली.

सुजितनं लेबल वाचलं. तिथल्या कुठल्याही वाण्याकडे मिळणारी, अगदी स्वस्तातली.

"जरा बरी नव्हती का एखादी?"

"गावात सगळे हीच पितात."

सुजितनं पेला गोल फिरवला, नाक खुपसलं, घोट तोंडात घोळवला आणि सोबत आणलेल्या स्टीलच्या पिकदाणीत थुंकला. मग स्वारी सुरू झाली. पाठांतरात गडी पक्का.

"पिकलेली रास्पबेरी. पांढरी मिरी. साल पातळ, म्हणून रंग फिका. ऊन, वारा मानवतो, पाणी कमी लागतं, साखर भरपूर धरते..."

"रास्पबेरी खाल्लीयस कधी?"

"...नाही."

"मग?"

"पुस्तकात आहे."

फादरनी पिकदाणीकडे बोट केलं.

"थुंकतोस कशाला?"

"चाखणारे सगळेच थुंकतात." मग सुजितनं जरा छाती काढली. "शिवाय मी आईला शब्द दिलाय. आमचं घर माळकरी. मुंबईला निघालो तेव्हा तिनं मला तुळशीच्या माळेवर हात ठेवायला लावला. दारूचा थेंब पोटात जाऊ द्यायचा नाही. सहा वर्षं झाली, फादर. सातशे वाइन चाखल्या. एक घोट गिळलेला नाही."

हे सांगताना त्याला खरोखरच अभिमान वाटत होता.

"आईला ठाऊक आहे, तू काय काम करतोस?"

"हॉटेलात आहे, एवढं ठाऊक आहे."

"आणि या सातशे...?"

सुजितचे कान तापले. सहा वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, त्यानं स्वतःही नाही.

"गिळल्याशिवाय कळतच नसेल तर तसं सांगा," तो शेवटी म्हणाला. "मोडतो शब्द. परीक्षा तोंडावर आलीय."

"शब्द मोडायचा नाही."

"मग ओळखू कशी?"

फादरनी पेल्यात पुन्हा थोडी वाइन ओतली आणि पेला त्याच्यापुढे सरकवला.

सुजितनं घोट घेतला. घोळवला. थुंकला. आणि नेहमीप्रमाणे बोलायला तोंड उघडलं.

फादरनी हात वर केला.

"मला नको सांगूस."

"मग कुणाला?"

टेबलावर सुजितचाच फोन पडला होता. फादरनी तो उचलून त्याच्या हातात दिला. यापेक्षा तिसऱ्यांदा नापास होणं परवडलं, असं सुजितला वाटून गेलं.

"फादर, ती... तिला कसं..."

"चव तोंडात आहे तोवर आईला फोन लाव," फादर म्हणाले. "तिला कळेल असं सांग."