हौसाक्काच्या उंबऱ्यावरचा मोती

एका राज्यात मोत्यांचा एक हार होता, आणि त्या हारापायी सगळ्या नगराच्या मागे साडेसाती लागली होती. राजा रणधवलाने हे मोती तळ्यातल्या चेटकिणीकडून लुटून आणले होते. ती मागे येऊ नये म्हणून त्याने वेशीवर मंत्राचा खिळा ठोकला. दिवसभर हार चमके. दिवस मावळला, की दोरा तुटे, आणि मोती घरंगळत महालाच्या दाराकडे धाव घेत. सकाळी ते पुन्हा ओवायचे. ओवायला नगरातल्या झाडून साऱ्या बायका. सात वर्षं हेच चाललेलं. हा हार तळ्यात नेऊन टाक, असं राजाला कुणी म्हटलं नाही. राजांना असलं कुणी सांगत नसतं.

हौसाची बोटं लहानपणी भाजून एकमेकांना चिकटली होती. तिला सुई धरता येत नव्हती, म्हणून तेवढी ती घरी. मग तिच्या आळीतल्या बायकांची पोरं तिच्या गळ्यात पडली. सात लोकांची, आठवी तिची स्वतःची बनी. चार वर्षांची, बाप नसलेली.

लोकांची पोरं सांभाळणं म्हणजे काय, ते सिंहासनावर बसून कळत नाही. एकाची शू पुसावी तर दुसऱ्याने चुलीतली राख खाल्लेली असते.

"हौसाक्का, याने माझा घोडा घेतला!"

"घोडा कसला मेल्या, लाटणं आहे ते माझं. आण इकडे."

"आई, मला भात," बनी म्हणे.

"थांब गं. त्यांचं आधी होऊ दे. नाहीतर म्हणतील, हौसाने आपल्याच पोरीच्या भातावर तूप ओतलं."

बनी थांबे. थांबण्यात ती पोर तरबेज झाली होती.

दिवस कलला की सातही पोरं उंबऱ्याशी गोळा होत आणि किरकिरू लागत. तिथे खेळणं चालत नसे, गूळ चालत नसे. आया येत. हौसाचा नियम एकच होता. पोर कुणाबरोबर धाडायचं नाही. आपल्या हाताने उचलून त्याच्या आईच्या हातात द्यायचं. एकेक करून ती सात पोरं देऊन टाकी. बनी कोपऱ्यात उभी राहून बघे.

एके सकाळी लाल डोळ्यांचा भारद्वाज अंगणात उतरला आणि त्याने चोचीतला मोती तुळशीपाशी ठेवला.

"बाई, सांभाळशील?" पक्षी म्हणाला.

"काय आहे?"

"मूल आहे. तळ्यातल्या बाईचं. महालाच्या मोरीतून निसटलं. आज न्हाऊ घाल, उद्या भरव, परवा निजव."

"घरात आठ आहेत, दिसत नाहीत का तुला? आणि याची आई कुठाय?"

"वेशीबाहेर. नगरातल्या बाईने 'ये' म्हटल्यावाचून तिला आत येता येत नाही. पण बोलावणारीला ती तीन प्रश्न विचारते. एक जरी चुकला, तरी बोलावणारीचं मूल नेते."

नगरातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून तर सात वर्षं कुणी 'ये' म्हटलं नव्हतं.

हौसाने बनीकडे पाहिलं. "मी काही बोलावणार नाही," ती म्हणाली, "पण न्हाऊ घालते. नुसतं पडलंय बिचारं."

पहिल्या दिवशी तिने मोत्याला तेल लावून कोमट पाणी घातलं. मोती मऊ झाला. दुसऱ्या दिवशी मऊ भाताचं शीत लावलं. मोत्याने ते गिळलं. तिसऱ्या दिवशी मांडीवर घेऊन थोपटलं, आणि दुपारी तिथे दोन वर्षांचा मुलगा झोपलेला होता. त्याच्या दोन्ही कानांच्या पाळ्यांना आरपार भोकं होती, दोरा ओवल्याची.

संध्याकाळ झाली. मुलगा उठला, तडक उंबऱ्याशी गेला आणि तळ्याच्या दिशेला तोंड करून त्याने भोकाड पसरलं. शेजारी बाकीची सात किरकिरत होती. तिकडे महालात दोरा तुटल्याचा आवाज झाला.

हौसाच्या हातातून पळी पडली.

"अगं बाई," ती म्हणाली. "मोती कुठले पळतायत! पोरं आहेत ती. दिवस मावळला, म्हणून घरी निघालीत."

पोरं न्यायला आया आल्या आणि त्यांच्या मागोमाग हरवलेल्या मोत्याचा माग काढत राजाही आला. हातात सोन्याची सुई होती.

"बाई, हारात एक जागा रिकामी आहे. तो मुलगा दे."

"महाराज, त्याची आई आली की देईन. दुसऱ्या कुणाच्या हातात पोर देत नाही मी."

"मी राजा आहे."

"असाल. त्याची आई नाही ना?"

राजाने मुलाचा कान धरला आणि सुई उगारली. मुलगा गप्प झाला. सुई बघून गप्प होणारं पोर हौसाने कधी पाहिलं नव्हतं. तिने बनीला कमरेशी ओढलं, डोळे मिटले आणि ती ओरडली, "ये गं बाई! तुझं पोर घेऊन जा!"

वेशीवरचा खिळा वितळला. ओल्या केसांची, हिरव्या लुगड्याची बाई अंगणात उभी राहिली. राजाची सुई सोन्याची असूनही हातातच गंजून गेली.

"राजा," ती म्हणाली, "सात वर्षं माझी शंभर पोरं तुझ्याकडे होती. ती खातात काय?"

"मोती खात नसतात," राजा म्हणाला.

ती हौसाकडे वळली. "तू बोलावलंस. सांग. माझं मूल काय खातं?"

"मऊ भात. तूप लावलं तर थुंकतं."

"रडलं तर कसं राहतं?"

"पाठीवर नाही, पोटावर थोपटावं लागतं."

"भितं कशाला?"

"सुईला."

तळ्यातल्या बाईने मुलाला छातीशी धरलं. मग तिने बनीकडे बोट केलं. "सुईची भीती तर सगळ्यांनीच पाहिली, ते उत्तर धरत नाही. तिसरा प्रश्न हिच्याबद्दल विचारते. ही कशाला भिते?"

हौसाने तोंड उघडलं. पालीला? विजेला? गंप्या पालीला भितो, सोनी विजेला. सातही पोरांचं तिला पाठ होतं. बनी तर कधी रडलीच नव्हती.

"मला ठाऊक नाही," हौसा म्हणाली. "खोटं कशाला बोलू? मी तिला कधी विचारलंच नाही."

बाईने हात पुढे केला. "मग ही माझी."

तिचा ओला हात दिसताच बनी किंचाळली. चार वर्षांत पहिल्यांदा. तिने आईच्या लुगड्यात तोंड खुपसलं.

"नको ना आई! तू रोज सगळ्यांना देऊन टाकतेस. मला नको देऊस! मी भातसुद्धा मागणार नाही!"

अंगणातल्या आयांनी आपापली पोरं जवळ ओढली.

हौसा मटकन खाली बसली. तिने बनीला दोन्ही हातांनी आवळून धरलं. "त्यांना द्यायचं असतं गं, वेडे. ती लोकांची आहेत. तू माझी आहेस. तुला कुणाला द्यायची? मला कापून टाकलं तरी नाही द्यायची."

 तळ्यातल्या बाईने हात मागे घेतला.

"आता ठाऊक झालं ना तुला?" ती म्हणाली.

"झालं."

"मग उत्तर आलं."

महालाची दारं उघडी पडली. उरलेले नव्व्याण्णव मोती घरंगळत रस्त्यावर आले आणि वेशीपाशी नव्व्याण्णव पोरं होऊन आईच्या मागे चालू लागले. राजाकडे नुसता तुटका दोरा उरला. दुसऱ्या दिवसापासून ओवणं बंद झालं, बायका आपापल्या घरी राहिल्या, आणि राज्य राज्यासारखं चालू लागलं.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी आयांनी आपापली पोरं स्वतःच उचलून नेली. हौसाच्या घरात दिवा लावायला कुणी उठलं नाही. बनी मांडीवरून उतरायला तयार नव्हती, आणि हौसाही तिला उतर म्हणत नव्हती.