पाण्याला चालायला शिकवणारी हौसा

"त्या पाण्याला सांगा, माझ्या टेकडीवर धावायचं नाही! चालत उतरायचं!" राजा हंबीरराव गरजला.

त्याने मोठ्या आवडीने टेकडीच्या उतारावर पाठशाळा बांधली होती. पण जोराचा पाऊस आला की माथ्यावरचं पाणी मागच्या दाराने वर्गात शिरायचं आणि पुढच्या दाराने पोथ्या, पाट, चपला घेऊन खालच्या बाजारात उतरायचं. अडवायला भिंत घातली, तर पाण्याबरोबर भिंतही बाजारात आली!

"पुढच्या पावसात पाणी धावलेलं दिसलं, तर पाठशाळेला कुलूप!"

आचार्यांचा चेहरा पडला. तेवढ्यात मागून कुणीतरी खुदकन हसलं. पलीकडच्या उतारावर शेती करणाऱ्या कोंडाजीची मुलगी होती ती, हौसा. पाठशाळेत दूध घालायला आली होती.

"हसतेस काय गं?"

"महाराज, पाण्याला चालायला मी शिकवते. फक्त हे सगळे विद्यार्थी आणि कुदळी माझ्या हवाली करा."

"आणि नाही जमलं तर?"

"तर कुलूप मीच लावीन!"

पावसाने उघडीप दिली होती. हौसाने पाठशाळेच्या वरच्या उतारावर आडवे चर खणायला लावले, एकाखाली एक. निघालेली माती प्रत्येक चराच्या खालच्या अंगाला रचली, तिच्यावर गवत लावलं. विद्यार्थ्यांच्या हातांना फोड आले, पण कुणी मागे हटलं नाही. पाठशाळा त्यांचीच होती ना!

दिवाणजी नाक मुरडून म्हणाले, "चर भरल्यावर पाणी बाहेर येणारच की!"

"येऊ दे की! वरचा भरला की खालच्यात येईल. तोवर वरचं मुरत राहील."

आणि मग आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला. राजा छत्री घेऊन तरातरा टेकडी चढला. वर्ग कोरडे! आत पाठ चाललेले! वर प्रत्येक चरात पाणी तुडुंब, पण निवांत. जास्तीचं तेवढं गवतातून झिरपत उतरत होतं.

राजा खूश झाला, पण हट्ट सोडील तर तो हंबीरराव कसला!

"हौसा, हुकूम मोडलास! मी पाण्याला चालायला सांगितलं होतं. हे तर बसलंय!"

आचार्यांनी डोळे मिटले.

हौसा म्हणाली, "महाराज, पाठशाळेत आल्यावर कुणी चालत राहतं का? बसावंच लागतं! शिकून झालं की जाईल सावकाश खालच्या विहिरींकडे."

राजा इतका हसला की छत्री हातातून सुटली आणि तो चिंब भिजला.

"माग, काय हवं ते माग!"

"पाण्याला बसू दिलंत, आता मलाही बसू द्या. या पाठशाळेत अजून एकही मुलगी नाही."

राजा पुन्हा खदखदून हसला. "आचार्य, हिला पहिल्या ओळीत जागा करा! पण सांभाळा हं, ही काही पाण्यासारखी गप्प बसायची नाही!"