अर्धी टाकी

होड्यांना इंजिनं नवीनच लागली होती तेव्हाची गोष्ट. पावसाळ्यासाठी होडी किनाऱ्यावर ओढून हिराजी नाखवा डिझेल घेऊन आला.

अर्धी भरलेली टाकी म्हणाली, “नाखवा, नारळी पुनवेपर्यंत बसूनच राहायचंय. आता मला भरून काय करता?”

“काठोकाठ भरा, नाखवा,” इंजिन कळवळलं. “मोकळी जागा वाईट!”

नाखव्याला टाकीचंच पटलं.

पुनवेला नारळ दर्यात सोडून सगळ्या होड्या निघाल्या. इंजिनानं मात्र चार आचके दिले आणि ते बंद पडलं. डिझेलमध्ये पाणी!

“माझं झाकण घट्ट होतं,” टाकी रडवेली झाली. “पावसाचा थेंबही आत घेतला नाही मी.”

“पावसाचा नव्हताच, बाई,” इंजिन खोकत म्हणालं. “तुझ्या मोकळ्या पोटाला दमट हवेनंच दोन महिने आतून घाम फुटत होता.”