आठ वेळा बाद

एकदा एक कबड्डीपटू आपल्या वृद्ध गुरुजींच्या दारी आला, तो आठ जर्सींचं गाठोडं घेऊनच. बारा वर्षांत तो आठ संघांकडून खेळला होता. कधी साखर कारखान्याचा संघ, कधी बँकेचा, कधी बंदराचा आणि दोन हंगाम तर एका मोठ्या शहराचा व्यावसायिक संघ. गाव बदलत गेलं, जर्सीवरचा आकडा बदलत गेला, जागा मात्र तीच राहिली, डावा कोपरा. कबड्डीत टाळ्या चढाई करणाऱ्याला मिळतात. कोपऱ्यात उभं राहून त्याचा घोटा धरणाऱ्याच्या वाट्याला दुखरा गुडघा आणि एखादं वाकडं झालेलं बोट येतं. आपल्या खेळाडूकडे दोन्ही होतं. वर्तमानपत्रात त्याचं छायाचित्र एकदाच आलं होतं, तेही पाठमोरं.

गुरुजी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्याने गाठोडं त्यांच्यापुढे ठेवलं.

"गुरुजी, यांतली माझी कुठली, तेवढं सांगा. आठही ठिकाणी जीव तोडून खेळलो आणि आठही ठिकाणी नारळ मिळाला. आता नवव्या संघाचं पत्र आलंय. उद्या सकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय."

"मग अडलंय कुठं?"

"राखीव खेळाडू म्हणून बोलावलंय. आणि कर्णधार कोण, ठाऊक आहे? विराज खुटवड!"

हे नाव त्याच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं, आणि त्याला कारणही होतं. तिसऱ्या संघात असताना विराज नावाचा एक कोवळा तरुण त्याच्या हाताखाली आला होता. धरलेला घोटा दर वेळी त्याच्या हातून निसटायचा. आपल्या खेळाडूने हंगामभर त्याला पहाटे उठवून पकड शिकवली. पोरगा इतका तयार झाला, की पुढच्या हंगामात संघाने कोपऱ्यात त्यालाच उभं केलं आणि शिकवणाऱ्याला घरी पाठवलं.

"पत्रात वर लिहिलंय, 'विराज म्हणतो, तुम्हीच हवे आहात.' दया दाखवतोय मला! त्यापेक्षा मेव्हण्याच्या नळ-पाइपांच्या दुकानात बसलेलं काय वाईट? मानानं तरी बसेन."

गुरुजींनी हातातली शेंग सोलून संपवली आणि दाणे सुपात टाकले. "संध्याकाळ झाली, पोरं मैदानावर जमली असतील. चल, थोडं खेळून घे. शेंगा कुठं पळून जात नाहीत."

मैदानात वरची आळी आणि खालची आळी समोरासमोर उभी होती. खालच्या आळीने गेल्या चार वर्षांत एकही सामना जिंकला नव्हता, तेव्हा गुरुजींनी पाहुण्याला तिच्याच डाव्या कोपऱ्यात उभं केलं आणि स्वतः शिट्टी घेऊन पंच झाले. पोरांचे चेहरे उजळले. एवढा मोठा खेळाडू आपल्या बाजूने आहे म्हटल्यावर आज वरच्या आळीची खैर नाही, असंच त्यांना वाटलं.

वरच्या आळीचा पहिला गडी चढाईला आला. तो पाहुण्यापासून चांगला दोन हात लांब होता, तेवढ्यात गुरुजींची शिट्टी वाजली. "डावा कोपरा, बाद!"

सगळे चकित झाले. पण पंचाशी हुज्जत घालायची नाही, हे गुरुजींनीच शिकवलेलं. खेळाडू मुकाट्याने निघाला. जाता जाता, निव्वळ सवयीने, शेजारी उभ्या असलेल्या तरुणाच्या कानात म्हणाला, "त्याचा मागचा पाय जड आहे. घाई करू नको. तो वळला की धर." हा तरुण एरवी चष्मा लावायचा आणि खेळताना तो काढून ठेवायचा, म्हणून त्याला सगळे चष्मेवालाच म्हणत.

कबड्डीत बाद झालेला खेळाडू बाहेर रांगेत बसतो. आपल्या संघाने एक गुण मिळवला, की रांगेतला पहिला पुन्हा आत येतो. स्वतःच्या पराक्रमावर आत येण्याची सोय नाही, त्याला दुसऱ्याने कमावलेला गुणच लागतो. पुढच्या चढाईला चष्मेवाला घाई न करता थांबला, गडी वळताच त्याने घोटा धरला, आणि पाहुणा आत आला. आत येऊन उभा राहतो न राहतो तोच शिट्टी वाजली. "डावा कोपरा, बाद!"

या वेळी जाता जाता त्याने मधल्या दोघांना, हातात हात धरून केलेली त्यांची साखळी कुठे तुटते ते दाखवलं. थोड्या वेळाने त्या साखळीने एक पकड केली आणि तो पुन्हा आत आला. पुन्हा शिट्टी झाली. तिसऱ्या वेळी मात्र त्याचा तोल गेला. "गुरुजी, मला हात तरी कुणी लावला?"

"बारा वर्षं खेळलास," गुरुजी शांतपणे म्हणाले, "पंचाचा निर्णय पुन्हा विचारायचा नसतो, एवढं कळायला हवं होतं."

चौथ्यांदा बाद झाल्यावर तो कुणाशी एक शब्दही न बोलता रांगेत जाऊन बसला. एक चढाई गेली, दुसरी गेली, तिसरी गेली, आणि खालच्या आळीचे गडी एकामागून एक त्याच्या मागे येऊन बसू लागले. आत उरले तिघे. चष्मेवाला भलत्याच जागी उभा होता. खेळाडूला राग आला होता, मान्य. पण चुकीच्या जागी उभा असलेला कोपरा उघड्या डोळ्यांनी पाहणं त्याच्या स्वभावात नव्हतं. शेवटी न राहवून तो ओरडला, "अरे, अर्धं पाऊल मागे!" चष्मेवाला मागे सरकला, समोरचा फसला, आणि पाहुणा चौथ्यांदा आत आला.

असं आठ वेळा घडलं. आठव्यांदा तो बाहेर गेला आणि आत आला तेव्हा वेळ संपली. सामना बरोबरीत सुटला होता. चार वर्षांत प्रथमच न हरलेली खालची आळी जिंकल्यासारखी नाचत होती, आणि जो घामाने भिजलासुद्धा नव्हता त्या पाहुण्याला खांद्यावर घ्यायला धावत होती.

परतताना खेळाडू म्हणाला, "गुरुजी, कुणी स्पर्श न करता बाद देणं नियमात बसतं का?"

"छे! शुद्ध अन्याय होता. तो मी केला आणि तू त्याला न्याय म्हणू नकोस. पण मला सांग, आठ वेळा बाद झालास आणि आठ वेळा आत आलास. आत कुणी आणलं?"

"त्या पोरांनी."

"चौथ्या वेळी इतका वेळ का लागला?"

तो थबकला. "त्या वेळी मी कुणाला काही सांगितलं नव्हतं."

गुरुजी म्हणाले, "बाबा रे, आमच्या काळी या खेळाचे दोन प्रकार होते. एकात बाद झालेला गडी अख्खा संघ बाद होईपर्यंत परत येत नसे. दुसऱ्यात सोबत्याच्या गुणावर तो जिवंत होऊन येई. त्याला संजीवनी म्हणत. तू बारा वर्षं संजीवनीच खेळलास आणि शोक मात्र पहिल्या खेळाचा करत बसलास. शिट्टी तुझ्या हाती नव्हती. आजही नव्हती, त्या आठ संघांतही नव्हती. बाहेर जाताना शेजाऱ्याला काय देऊन जायचं, एवढंच तुझ्या हाती होतं, आणि ते तू कुठंही चुकवलं नाहीस. जर्सी आठही तुझ्याच. आता बोल, हा नवव्या वेळचा गुण कुणी मिळवला?"

निसटणारा घोटा, पहाटेची ओली माती आणि हंगामभर "पुन्हा धर, पुन्हा धर" म्हणत राहिलेला स्वतःचाच आवाज खेळाडूला आठवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने ते लपवलंही नाही.

"विराजनं," तो म्हणाला.

"मग आत जायचं की पंचाशी भांडत रेषेवर उभं राहायचं, ते तुझं तू ठरव. मला शेंगा सोलायच्या आहेत."

खेळाडूने तिथेच रस्त्यात उभं राहून फोनवर कळवून टाकलं, "येतो. विराजला सांगा, पहाटे लवकर उठायची सवय ठेव म्हणावं." मग घरी येऊन गुरुजींच्या शेजारी ओट्यावर बसून त्याने उरलेल्यांतल्या अर्ध्या शेंगा आपल्याकडे ओढल्या आणि वाकड्या बोटाने त्या सोलू लागला.

आपल्यालाही कधी बाहेर बसावं लागतंच. अशा वेळी शिट्टी कुणी वाजवली हे घोकत बसण्यापेक्षा, निघताना आत कुणाला काय देऊन आलो, ते आठवून पाहावं.