कासवाच्या कानाला लागणारे

त्या राज्यात पाणी एकच होतं, आणि ते कुणाच्या वाट्याला जाणार हे ठरवायचं म्हातारं कासव. कासवाला कान कुठला, असं कुणी म्हणेल. पण त्याच्या कानाला लागणारे ढीगभर होते.

कासव तळ्याकाठच्या काळ्या शिळेवर बसायचं. दुपारी सगळे पेंगले की कुणीतरी हळूच शिळेवर चढायचं, कुजबुजायचं, आणि दुसऱ्या दिवशी पाट वळलेला असायचा. आज कोल्ह्याच्या करवंदीकडे, उद्या बगळ्याच्या डबक्याकडे. कोण गेलं होतं, असं विचारलं की दोघंही तोंड वर करून म्हणायचे, आम्ही नाही बुवा.

नेच्यांच्या ओलीत राहणाऱ्या गोगलगायीची पिल्लं सुकायला लागली, तेव्हा तीही गेली. पाणी मागितलं, परत आली. शिळेवर तिची लखलखीत रेघ तेवढी राहिली.

झालं. कोल्ह्याने सभा भरवली. कासवाचे कान कोण फुंकतं त्याचा हा पुरावा, म्हणाला.

"गोगलगाय नि पोटात पाय," बगळा म्हणाला. "दिसायला गरीब, पण पोचली बघा कुठवर."

सभा खो खो हसली. नेच्यांचं पाणी बंद आणि गोगलगायीने राज्य सोडायचं, असं ठरलं. कासवाने मान आत ओढून घेतली.

गोगलगायीने शिंगं ताठ केली. "गेले होते. पोरांसाठी पाणी मागितलं. रेघ माझीच आहे, पुसणार नाही. तुमची दाखवा की."

"गेलोच नाही तर रेघ कुठून यायची, बाई?" कोल्हा म्हणाला.

मग तिने बिऱ्हाड आवरायला एक दिवस मागितला. बिऱ्हाड तर पाठीवरच, पण एवढ्या शहाण्यांच्या सभेत ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. दिला एक दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती कासवाभोवती फिरत राहिली. तिच्या ओल्या रेघेचा एक वेढा, दोन वेढे, तीन वेढे. निरोप घेतेय बिचारी, असं म्हणून सगळे पेंगायला गेले.

उन्हं कलली तशी सभा पुन्हा भरली. तिरपं ऊन शिळेवर पडलं आणि सगळ्यांचे डोळे दिपले. वेढ्यापासून थेट कासवाच्या कानापर्यंत चार-चार पंजे चमकत होते. त्यांच्या शेजारी लांबलचक बोटांची पावलं. जाताना एकदा, येताना एकदा.

कासवाने मान बाहेर काढली. शिळेवरच्या पावलांकडे बघितलं.

"हा वेढा रोज ओला ठेवायचा," ते गोगलगायीला म्हणालं. "माझ्याकडे येणाऱ्याने यावरूनच यायचं. आणि शिळा कुणी पुसायची नाही."

गोगलगाय वळली. भर सभेच्या मधून, शिंगं उंच करून, मागे रेघ ओढत ती पुन्हा पाणी मागायला शिळेकडे निघाली. घाई कसली ती नव्हतीच. वाटेतल्या प्रत्येकाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे.

कोल्हा गवतात बसला, पंजे झाकून. आणि बगळ्याने आपला एक चमकता पाय हळूच उचलून पोटात ओढून घेतला.