सासरी मोजलेली लेक

एका राज्यात एक परगणा होता. गावे पुष्कळ, वाटा वाईट आणि महालकरी एकच, सिदोजी. गावोगाव फिरून माणसे मोजायची आणि माणसामागे एक चिंचोका रांजणात टाकायचा, हे त्याचे काम. त्यापायी त्याचे गुडघे झिजले, घोडी मेली, पण गणती सरली नाही. माणसे काय, आज जन्मतात, उद्या मरतात. महालकऱ्याची सोय कोण पाहतो?

त्या परगण्याला एका मांत्रिकाचा शाप होता. कोणत्याच गावाने त्याला आपला म्हटले नाही, तेव्हा तो म्हणाला होता, "ज्याला कोणी मोजणार नाही, तो कोणाला दिसणार नाही." तेव्हापासून अधूनमधून एखादा माणूस विरून जाई. सिदोजीला त्याचे नवल उरले नव्हते. पण त्या वर्षी त्याची स्वतःची लेक कृष्णाई विरू लागली. सासरच्यांनी घालवून दिलेली, बापाच्या घरी राहिलेली. आधी तिची सावली गेली, मग हात, शेवटी चुलीपाशी नुसता बांगड्यांचा आवाज उरला.

दारच्या उंबरावरून भारद्वाज पक्षी बोलला, "महालकरी, न मोजलेले तिघे शोध. त्यांना कोणी 'आमचे' म्हटले, की चिंचोका टाक. तिसऱ्याला शाप सुटेल."

सिदोजी उसासा टाकून निघाला.

नदीवर एक नाव आपोआप वल्ही मारीत चालली होती. "नावाडी पलीकडचा," अलीकडचा पाटील म्हणाला. "अलीकडचा," पलीकडचा म्हणाला. सिदोजी नावेतच बसला. "याला कोणी आपला म्हणेपर्यंत मी उतरत नाही. तोवर माझे जेवण तुम्हां दोघांकडे." चार दिवस भाकऱ्या पोचवून अलीकडचा पाटील टेकीला आला. "आमचा म्हणा एकदाचा." पहिला चिंचोका पडला.

डोंगरात मेंढरे चरत होती, राखणारी म्हातारी दिसत नव्हती. सिदोजीने तिथल्या पाटलाला विचारले, "खतासाठी शेतात मेंढरे बसवायची तेव्हा ही तुमची, आणि मोजताना परकी?" पाटलाने मान खाली घातली. "आमची." दुसरा पडला.

तिसरा काही सापडेना. सिदोजी पाय ओढीत घरी परतला.

"दिव्याखाली अंधार," भारद्वाज म्हणाला. "लेकीला कुठे मोजलेस?"

"लेक सासरी मोजायची, ही रीत आहे."

"आणि सासरचे?"

"ते म्हणतात, माहेरी मोजा."

सिदोजी ओट्यावर बसला. हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. इथे मोजली नाही तोवर सासरचे कोणीतरी तिला न्यायला येईल, या आशेवर त्याने वर्षे काढली होती. कोणी येणार नव्हते. ही आशा धरून तो परगणा फिरण्यापेक्षा जास्त थकला होता. त्याने चिंचोका उचलला.

"ही आमची," तो म्हणाला, आणि रांजणात टाकला.

गावोगावी विरलेली माणसे दारात उभी राहिली. चुलीपाशी कृष्णाई दिसली, डोळे धुराने लाल.

"पाणी काढलंय आबा, पाय धुवा," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "मला न्यायला कोण येतं, याची वाट मी पाहत नव्हते. तुम्ही ठेवून घेता का, ते पाहत होते."

सिदोजीने पाय धुतले.

तेव्हापासून त्या परगण्यात जो जिथे निजतो, तिथेच मोजला जातो. कृष्णाईचा चिंचोका जसा तिच्या घरी पडला, तसा ज्याचा त्याचा आपापल्या घरी पडो.